रॅम्प, ग्रॅब बार, न्हाणीघर : सरकारी घरांमधली कामे ई-निविदेतून कशी घ्यावीत

(स्थापत्य, प्लंबिंग आणि फॅब्रिकेशनची कामे करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर भारतीय संडास काढून कमोड बसवणे, व्हीलचेअरसाठी उंबरठा काढणे, न्हाणीघरात धरायला स्टीलची दांडी लावणे, इमारतीच्या पायऱ्यांशेजारी रॅम्प बांधणे, ही कामे आपण खासगी घरांत रोज करता. म्हाडाची संक्रमण शिबिरे, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ताब्यातली शासकीय निवासस्थाने, पोलिसांच्या वसाहती, महापालिका कर्मचाऱ्यांची घरे आणि रेल्वे कॉलन्या इथेही तीच कामे निघतात, पण तिथे ओळखीने काम मिळत नाही. निविदा भरावी लागते आणि तीही ऑनलाइन. काम लहान असल्याने मोठे ठेकेदार सहसा त्यात पडत नाहीत. लहान ठेकेदार भरतात, पण त्यातले बरेच दर उघडण्याआधीच कागदावर बाद होतात. हे पत्रक मुख्यतः ते टळावे यासाठी आहे.

कुठे बघायचे

राज्य शासनाच्या निविदा महाटेंडर्स पोर्टलवर असतात. हे पोर्टल एनआयसीच्या (केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) प्रणालीवर चालते. रेल्वेचे स्वतंत्र पोर्टल आहे, त्याचे नाव आयआरईपीएस. तिथली नोंदणी वेगळी करावी लागते. 'जेम' हे केंद्राचे पोर्टल वस्तू आणि सेवांच्या खरेदीसाठी आहे. व्हीलचेअर, कमोड खुर्ची, वॉकर पुरवणार असाल तर जेम. रॅम्प बांधण्याचे काम तिथे सापडणार नाही.

शोधताना 'दिव्यांग' हा एकच शब्द टाकून थांबू नका. ही कामे बहुधा 'विशेष दुरुस्ती', 'शौचालय नूतनीकरण', 'किरकोळ स्थापत्य कामे' अशा नावांखाली येतात आणि रॅम्पची बाब आतल्या परिमाणपत्रकात (बीओक्यू, म्हणजे कामाच्या बाबी आणि मापांची यादी) सतराव्या ओळीवर असते. निविदेचा मथळाही नीट वाचा. काही कामे मजूर सहकारी संस्थांसाठी किंवा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी राखीव असतात. आपण त्यात बसत नसाल तर पुढचे वाचण्यात वेळ घालवू नका.

डिजिटल सही

क्लास ३ चे प्रमाणपत्र लागते. क्लास २ देणे १ जानेवारी २०२१ पासून बंद झाले आहे. घेताना सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही मागा. जीएसटीच्या कामासाठी घेतलेल्या टोकनमध्ये पुष्कळदा फक्त सहीच असते आणि ते ऐन वेळी लक्षात येते. प्रमाणपत्र ज्याच्या सहीने निविदा जाणार त्याच्या नावाचे हवे. भागीदारी असेल तर ज्याला अधिकारपत्र दिले आहे त्याच्या नावाचे, कंपनी असेल तर संचालक मंडळाच्या ठरावात ज्याचे नाव आहे त्याचे.

टोकन म्हणजे पेन ड्राइव्हसारखी छोटी वस्तू. ज्या संगणकावर वापरायचे तिथे त्याचा ड्रायव्हर आणि पोर्टलचे सही करण्याचे सॉफ्टवेअर दोन्ही आधी घालावे लागते. पिन ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होते. टोकन आणि पिन एकाच पाकिटात कुणाच्या हवाली करू नका, आमच्याही नाही. आमच्या कार्यालयात निविदा भरताना टोकन आपण स्वतः लावायचे, पिन स्वतः टाकायचा आणि जाताना टोकन घेऊन जायचे.

पोर्टलवर नोंदणी

नोंदणी दोन टप्प्यांत होते. आधी ईमेल, मोबाइल, पॅन आणि फर्मची माहिती भरून खाते उघडायचे, मग टोकन लावून ती सही त्या खात्याला जोडायची. ईमेल हाच लॉगिन आयडी असतो, म्हणून भाच्याचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा ईमेल देऊ नका; तो माणूस गेला की खाते गेले. एका खात्याला जोडलेली सही दुसऱ्या खात्याला जोडता येत नाही. फर्मचे नाव पॅन, जीएसटी आणि ठेकेदार नोंदणी या तिन्हींवर अक्षरशः एकच आहे का ते आधी तपासा. एकीकडे 'एंटरप्रायझेस' आणि दुसरीकडे 'कन्स्ट्रक्शन' असेल तर छाननीत पहिला आक्षेप तिथेच निघतो.

पोर्टलवरची नोंदणी आणि ठेकेदार म्हणून नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यात खूप जण फसतात. पोर्टल फक्त दार उघडते. काम भरण्यासाठी त्या सरकारी विभागाला हव्या त्या वर्गातली ठेकेदार नोंदणी लागते, आणि प्रत्येक वर्गाला कामाच्या किमतीची मर्यादा असते. विजेचे काम असेल तर विद्युत ठेकेदाराचा परवाना, नळजोडणी असेल तर परवानाधारक प्लंबरची हमी, असेही मागतात.

पहिल्या लिफाफ्यातले कागद

निविदा दोन लिफाफ्यांत जाते : पहिल्यात कागद, दुसऱ्यात दर. पहिल्यात पॅन, जीएसटी, ठेकेदार नोंदणी, व्यवसाय कर नोंदणी, आयकर विवरणपत्रे, केलेल्या कामांचे दाखले, हातातल्या कामांची यादी आणि प्रतिज्ञापत्र इतके बहुतेक ठिकाणी लागते. पीएफ आणि ईएसआयसीचे दाखले माणसांच्या संख्येप्रमाणे लागतात.

उलाढालीचा सीएचा दाखला यूडीआयएनशिवाय आणू नका. सीएने दाखल्यासाठी काढलेला हा अक्षरे-अंक मिळून १८ चिन्हांचा क्रमांक नसलेला दाखला छाननीत सरळ बाजूला काढतात. केलेल्या कामाचा दाखला कार्यकारी अभियंत्याच्या सहीचा हवा. त्यात कामाचे नाव, किंमत, सुरू आणि पूर्ण झाल्याची तारीख हवी. सोसायटीच्या सेक्रेटरीने लेटरहेडवर लिहून दिलेला दाखला 'समान स्वरूपाचे काम' म्हणून सरकारी छाननीत सहसा टिकत नाही. प्रतिज्ञापत्राला निविदेत लिहिला आहे तेवढ्याच किमतीचा स्टॅम्प पेपर वापरा.

बिड कपॅसिटी (म्हणजे आपण आणखी किती रकमेचे काम पेलू शकता) विचारली असेल तर सूत्र निविदेतच असते. बहुधा ते (अ × न × २) − ब असे असते. अ म्हणजे गेल्या पाच वर्षांतली सर्वांत मोठी वार्षिक उलाढाल, न म्हणजे कामाची मुदत वर्षांत, ब म्हणजे हातात असलेले उरलेले काम. मुदत चार महिने असेल तर न म्हणजे ०.३३, चार नव्हे. ही चूक कागदावर हास्यास्पद दिसते, पण रात्री अकरा वाजता भरताना होते.

बयाणा रक्कम

बयाणा (निविदेसोबत ठेवायची अनामत) आणि निविदा शुल्क ऑनलाइनच भरायचे असते. नेट बँकिंगने भरले तर लगेच नोंद होते. एनईएफटी किंवा आरटीजीएसने भरणार असाल तर पोर्टलवर निघालेले चलनच वापरा. त्यावरचा खाते क्रमांक त्या एका निविदेपुरता असतो. रक्कम रुपयानिशी तीच असावी. मागच्या निविदेच्या चलनावर पैसे टाकले तर ते या निविदेत दिसत नाहीत. बँकेकडून नोंद यायला दुसरा कामकाजाचा दिवसही उजाडतो, म्हणून शेवटच्या दिवशी हा मार्ग नको. काम न मिळाल्यास पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत येतात, तेव्हा मित्राच्या खात्यातून भरणे टाळा.

'आमच्याकडे उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) आहे, आम्हाला बयाणा माफ' असे समजून येणारे बरेच असतात. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचे केंद्राचे २०१२ चे खरेदी धोरण वस्तू आणि सेवांना लागू आहे, बांधकामाच्या कंत्राटाला नाही. त्या विशिष्ट निविदेत सवलत छापलेली असेल तरच ती घ्या.

दर काढताना

आमच्या मते नुकसान सर्वांत जास्त इथे होते. दरसूचीतल्या (सरकारने ठरवलेल्या दरांच्या यादीतल्या) दरापेक्षा १५ टक्के खाली भरून काम घेतले जाते आणि मग कळते की ते दर मोकळ्या मैदानातल्या कामाचे होते.

रॅम्प घ्या. उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. जोते जमिनीपासून ४५० मिमी असेल तर उताराचीच लांबी ५४०० मिमी. वर आणि खाली १५०० मिमीचा सपाट टप्पा धरला की एकूण ८४०० मिमी. वसाहतीत इमारतीपुढे सहा मीटर जागा असेल तर रॅम्प मध्येच वळवावा लागतो : २७०० चे दोन उतार आणि दोनऐवजी तीन टप्पे. म्हणजे काँक्रीट, कठडा आणि टाइल सगळेच वाढते. नकाशात ४५० मिमी उंचीसाठी तीन मीटरचा रॅम्प दाखवला असेल तर तो जवळजवळ १:७ चा होतो. त्यावर व्हीलचेअर ढकलणाऱ्याचीच दमछाक होते. पुढे पाहणीत तो नाकारला तर तोडून बांधण्याचा खर्च कुणाचा, हा प्रश्न प्री-बिड बैठकीतच (निविदा भरण्याआधी शंका विचारण्याच्या बैठकीतच) लेखी विचारा.

कठड्याच्या मोजणीतही मेख आहे. रॅम्पला दोन्ही बाजूंना, आणि प्रत्येक बाजूला दोन उंचींवर हातपट्टी लागते. ५.४ मीटरच्या उताराला कठडा मोजला जातो १०.८ मीटर, पण हातपट्टीचा पाइप लागतो २१.६ मीटर, टप्प्यांचा आणि उभ्या खांबांचा वेगळा. बाबीचे वर्णन 'प्रति धावता मीटर कठडा' असे असेल तर दोन पट्ट्या मिळून एक मीटर धरणार की दोन, ते वर्णनात शोधा आणि त्याप्रमाणे दर काढा.

ग्रॅब बारची बाब दोन ओळींची असते आणि सगळ्यात जास्त तक्रारी तिच्याच येतात. जुन्या इमारतींत न्हाणीघराची भिंत अर्ध्या विटेची, त्यावर जाड प्लास्टर, त्यावर टाइल. छोटा रावळ प्लग टाइल आणि प्लास्टरमध्येच बसतो, विटेत जातच नाही. ऐंशी किलोच्या माणसाने उठताना झटका दिला की दांडी टाइलसकट हातात येते. अशा भिंतीला आरपार बोल्ट आणि मागून पट्टी लागते. मागच्या बाजूला स्वयंपाकघर असेल तर तिथेही टाइल फोडून पुन्हा बसवावी लागते. हे सगळे दरात धरा. स्टील ३०४ ग्रेडचे घ्या. २०२ स्वस्त पडते, पण मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि न्हाणीच्या ओलीत त्यावर डाग धरतात, आणि दोषदायित्व कालावधी (काम झाल्यावर निघालेले दोष दुरुस्त करून देण्याचा काळ) तर आपल्यावरच असतो.

उंबरठा काढण्याची बाब म्हणजे फक्त दगड उचलणे नव्हे. उंबरठा गेला की पाणी खोलीत येते. म्हणून न्हाणीघराची अख्खी फरशी उचलून नाहणीच्या दिशेने उतार नव्याने द्यावा लागतो, आणि फरशी उचलली की वॉटरप्रूफिंग आलेच. परिमाणपत्रकात फक्त 'उंबरठा काढणे' असेल आणि फरशी नसेल तर तेही प्री-बिडमध्ये विचारा. दार बदलायचे असेल तर व्हीलचेअरसाठी ९०० मिमी मोकळी रुंदी लागते. चौकटीचे माप ९०० असून भागत नाही.

लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर वाळू, सिमेंट डोक्यावरून चढते आणि डेब्रिज गोण्यांत भरून उतरते. त्याची वेगळी बाब नसेल तर मजुरीत धरा. जागा स्वतः बघितल्याशिवाय टक्का ठरवू नका.

खूप खाली भरण्याआधी अतिरिक्त सुरक्षा ठेवीची अट वाचा. जितके खाली जाल तितकी ही ठेव वाढते आणि ती कार्यादेशाआधी भरावी लागते.

बीओक्यूची फाइल

पोर्टलवरून उतरवलेल्या एक्सेल फाइलचे नाव बदलू नका. दुसऱ्या स्वरूपात सेव्ह करू नका. मॅक्रो चालू करून फक्त रंगीत चौकटी भरा. मोबाइलवर उघडून सेव्ह केलेली फाइल पोर्टल बहुधा स्वीकारत नाही. फर्मचे नाव भरायचे राहिले तरी ती अडते.

टक्केवारीच्या निविदेत 'जास्त' किंवा 'कमी' असा पर्याय निवडायचा असतो. ४,८०,००० रुपयांच्या कामाला १२ टक्के जास्त म्हणजे ५,३७,६०० आणि १२ टक्के कमी म्हणजे ४,२२,४००. एका चुकीच्या क्लिकने १,१५,२०० रुपयांचा फरक पडतो. फाइलच्या तळाशी रक्कम अक्षरी येते, ती मोठ्याने वाचा आणि मगच चढवा. दर जीएसटीसह आहेत की वगळून, तेही इथेच ठरवायचे.

दर पहिल्या लिफाफ्यातल्या कुठल्याही कागदात दिसता कामा नये. जुना कार्यादेश जोडताना त्यासोबतचे दरपत्रक चुकून जाणे हा नेहमीचा अपघात आहे.

सादर करणे

निविदा आधी 'फेव्हरिट' मध्ये घ्या, म्हणजे शुद्धिपत्रकाची सूचना ईमेलवर येते. शुद्धिपत्रकात बीओक्यूच बदलला असेल तर जुनी फाइल चालत नाही. सगळे चढवून झाल्यावर 'फ्रीज बिड' करावे लागते. नुसते कागद चढवून लॉगआउट केले तर निविदा गेलेलीच नसते. फ्रीज केल्यावर पोच येते, तिची प्रत काढून ठेवा. वेळ पोर्टलच्या घड्याळाची धरतात, आपल्या मनगटावरची नाही.

बिल निघताना

दर जीएसटी वगळून असतील तर बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. कपाती अशा : कंत्राट अडीच लाखांपुढचे असेल तर जीएसटीचा २ टक्के टीडीएस, आयकर वैयक्तिक मालकीला १ टक्का आणि फर्मला २ टक्के, बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का, शिवाय निविदेत ठरलेली सुरक्षा ठेव. जीएसटीचा टीडीएस आपल्याच कॅश लेजरमध्ये जमा होतो, पण पोर्टलवर तो स्वीकारावा लागतो. वर्षानुवर्षे तसाच पडून राहिलेला हा पैसा आम्हाला अनेकांच्या खात्यात दिसतो. पहिल्यांदा येताना जीएसटीचे लॉगिनही घेऊन या, तेवढे त्याच बैठकीत बघून देऊ.