कोयना धरण व त्याची सुरक्षितता

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात कोयनानगरजवळ कोयना नदीवर बांधलेले दगड-काँक्रीटचे भारस्थायी (स्वतःच्या वजनावर पाणी अडवणारे) धरण. पायापासून उंची १०३.२ मी., लांबी सुमारे ८०७ मी. शिवसागर जलाशयाची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). पाण्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडील वीजगृहांत उतरतो. प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट.

या धरणाचा दुखरा भाग म्हणजे त्याची मान. पायापासून सुमारे ६६ मी. उंचीवर खालच्या अंगाचा (जलाशयाच्या विरुद्ध बाजूचा) उतार एकदम बदलतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपात वरचा जड माथा हेलकावला आणि ताण या खाचेत एकवटला. सांडवा वगळता अनेक खंडांत दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या. आराखड्यात भूकंपगुणांक (वजनाचा जो अंश भूकंपाचा आडवा जोर म्हणून धरतात तो) ०.०५ धरला होता. धरणातील उपकरणाने धरणाच्या लांबीच्या दिशेत ०.६३ जी (गुरुत्वीय प्रवेगाच्या ०.६३ पट) प्रवेग नोंदवला. स्थिर गुणांक आणि क्षणभराचे शिखर यांची थेट तुलना होत नाही, तरी हे अंतर बोलके आहे. धरण फुटले नाही. भेगांत इपॉक्सी (घट्ट चिकटणारी राळ) भरले, माथ्यापासून खाली ताणलेल्या पोलादी तारा बसवल्या आणि मग खालच्या अंगाला काँक्रीटचे टेकू जोडले.

धरणाच्या पोटातील गॅलरीत (तपासणीच्या बोळात) रोजची गळती मोजतात. ओघळ व्ही-नॉचवरून (इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेल्या पट्टीवरून) सोडून पाण्याची उंची वाचतात. जलाशयाची पातळी सारखी असताना गळती वाढली तर संशय घ्यायचा. गढूळ पाणी आले तर ताबडतोब. गळती अचानक घटली तरी निर्धास्त होता येत नाही. काँक्रीटमधला चुना विरघळून निचरा-छिद्रांच्या (झिरपलेले पाणी बाहेर काढणाऱ्या भोकांच्या) तोंडाशी पांढरा थर धरतो, छिद्रे बुजतात, पायाखालचा उचल-दाब (धरणाला वर ढकलणारा पाण्याचा दाब) वाढतो आणि धरणाचे परिणामी वजन तेवढे घटते. मग छिद्रे पुन्हा पाडून मोकळी करावी लागतात. माथ्याचा कल लंबकावर (धरणात टांगलेल्या ओळंब्यावर) दिसतो. मात्र तो उन्हाळ्या-हिवाळ्यातही थोडा सरकतो, म्हणून नोंद तापमान आणि पातळीसोबतच वाचायची.

सांडव्याला सहा वक्राकार दरवाजे आहेत. पावसाळ्यापूर्वी ते उचलून पाहतात: वायर-रोपला वंगण, रबरी सील, धुऱ्याचे (दरवाजा ज्याभोवती फिरतो त्या आसाचे) बेअरिंग, राखीव जनित्र. रोप दोन्ही बाजूंनी सारखे ओढले गेले नाहीत तर दरवाजा तिरका होऊन अडकतो. विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि त्याआधी नदीकाठाला इशारा देतात. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ नुसार पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यानंतर आणि भूकंपानंतर तपासणी बंधनकारक आहे.