पाण्यात म्हैस, वर मोल: जुन्या रेकॉर्ड्सच्या ऑनलाइन बाजाराची पूर्वपीठिका

जुनी रेकॉर्ड ऑनलाइन घेणं म्हणजे 'पाण्यात म्हैस, वर मोल' असाच प्रकार आहे. तबकडी विकणाऱ्याच्या कपाटात, पैसे खरेदीदाराच्या खात्यात, आणि दोघांच्या मध्ये फक्त चार फोटो आणि चार ओळींचं वर्णन. तरीही हा व्यवहार रोज होतो, समुद्रापलीकडे होतो आणि बहुतेक वेळा नीट पार पडतो. याचं श्रेय सहसा इंटरनेटला दिलं जातं. पण 'व्हीजी प्लस' (तबकडीचा दर्जा), 'मॅट्रिक्स' (तिच्यावर कोरलेला क्रमांक), 'फर्स्ट प्रेस' (पहिली छपाई) हे शब्द इंटरनेटच्या कितीतरी आधीचे आहेत. न पाहता घेणाऱ्याला न पाहता समजावं म्हणून टपालाने रेकॉर्ड्स मागवणाऱ्या आणि पाठवणाऱ्या लोकांनी ही भाषा घडवली. ती कुठून आली हे माहीत असेल, तर आज हातात आलेली तबकडी ओळखणं आणि तिची किंमत ठरवणं बरंच सोपं जातं.

पहिली गरज पडली ती जाझच्या वेड्यांना. लाखेच्या ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्यांच्या लेबलावर बँडचं नाव आणि सुरावटीचं नाव असायचं. कॉर्नेट कोणी वाजवलं, ड्रमवर कोण होतं, याचा पत्ता नसायचा. कधी तर बँडचं नावही टोपणनाव असायचं. शिवाय एकच सुरावट दोन-तीनदा ध्वनिमुद्रित केलेली असे आणि वेगवेगळे टेक एकाच क्रमांकाखाली बाजारात येत. मग हे लोक लेबलाभोवतीच्या गुळगुळीत भागात कोरलेला आकडा वाचायला लागले. त्या आकड्यावरून कोणत्या दिवशीचं, कोणत्या सत्रातलं काम आहे हे जुळवता येई. १९३६ साली पॅरिसमध्ये शार्ल दलोने यांनी जाझ ध्वनिमुद्रणांची सूची ग्रंथरूपात आणली आणि 'डिस्कोग्राफी' हा शब्द या मंडळींच्या तोंडी बसला. आज प्रत्येक विक्रेता ज्या डिस्कॉग्ज नावाच्या माहितीकोशात डोकं घालतो, त्याचं नाव याच शब्दावरून आलेलं आहे.

जून १९४८मध्ये कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कमध्ये एलपी, म्हणजे लाँग प्ले तबकडी, सादर केली. मिनिटाला ३३ १/३ फेरे, लाखेऐवजी व्हिनाइल, आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून जास्त संगीत. त्यांच्या पहिल्या बारा इंची एलपीचा क्रमांक होता एमएल ४००१. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने सात इंची, ४५ आरपीएमची तबकडी आणली. कव्हरवर आणि लेबलावर छापलेला हा कॅटलॉग क्रमांक फार सोयीचा असतो, पण नव्या विक्रेत्याची फसगतही तोच सगळ्यात जास्त करतो. लोकप्रिय अल्बम दहा-दहा, वीस-वीस वर्षं छापला जातो आणि क्रमांक अनेकदा तोच राहतो. क्रमांक शोधायचा, सगळ्यात महाग विकली गेलेली प्रत पाहायची आणि आपली तीच आहे असं धरून चालायचं, इथेच हिशेब चुकतो. कॅटलॉग क्रमांक अल्बम कोणता ते सांगतो. हातातली प्रत कोणत्या छपाईची, हे दुसरीकडे लिहिलेलं असतं.

ते कुठे, हे समजायला तबकडी कशी तयार होते ते पाहायला हवं. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर असतो, त्यावर यंत्राची सुई संगीत कोरते. त्या लॅकरवर चांदीचा पातळ लेप आणि मग निकेल चढवून धातूचा उलटा साचा काढतात, तो 'फादर'. त्यावरून सुलटा 'मदर', आणि मदरवरून पुन्हा उलटे 'स्टँपर'. स्टँपर यंत्रात बसतो आणि गरम व्हिनाइलच्या गोळ्यावर दाबला जातो. तो झिजला की नवा लावायचा, मदर झिजली की नवी काढायची, आणि फार वर्षांनी मागणी आली की लॅकरच पुन्हा कापायचं. कोणता साचा कोणत्या पिढीचा, हे कारखान्यातल्या माणसाला कळावं म्हणून प्रत्येक टप्प्यावर खुणा केल्या जात. शेवटचं गाणं संपल्यावर लेबलापर्यंत जी कोरी पट्टी उरते, ज्याला संग्राहक 'रनआउट' किंवा 'डेड वॅक्स' म्हणतात, तिथे त्या खुणा उमटत. कामगारांनी आपल्या सोयीसाठी केलेली ती नोंद आज तबकडीचा जन्मदाखला ठरते.

साठच्या दशकातली इंग्लंडमधल्या पार्लोफोन कंपनीची एखादी एलपी दिव्याखाली तिरकी धरून पाहा. लेबलाच्या खाली, घड्याळात सहाचा काटा असतो तिथे, मॅट्रिक्स क्रमांक असतो. त्यात छोट्या आडव्या रेघेनंतरचा आकडा लॅकर कितवं ते सांगतो. नवाच्या जागी एक सुटा आकडा असतो, तो मदरचा. आणि तिनाच्या जागी एक-दोन अक्षरं असतात, ती स्टँपरची. ही अक्षरं 'ग्रामोफोन लिमिटेड' या नावातून घेतलेली आहेत: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. तिनाच्या जागी 'आरएम' दिसलं तर तो चोविसावा स्टँपर. पहिल्यांदा मी हे वाचलं तेव्हा त्या संध्याकाळी घरातली ईएमआयची (पार्लोफोनची मालक कंपनी) एकूण एक तबकडी काढून बसलो होतो. एक सावधगिरी मात्र हवी. लहान आकडा म्हणजे लवकरची प्रत असण्याची शक्यता जास्त, एवढंच. कारखान्यात एकाच वेळी अनेक स्टँपर चालू असत, त्यामुळे ते आकडे रांगेतल्या टोकनसारखे वाचू नयेत.

लेबलही बोलतं. बीटल्सचा पहिला अल्बम मार्च १९६३मध्ये आला, तेव्हा पार्लोफोनचं लेबल काळ्यावर सोनेरी अक्षरांचं होतं. थोड्याच काळात कंपनीने काळं-पिवळं लेबल सुरू केलं. त्या सोनेरी लेबलाच्या प्रतींमध्येही अगदी सुरुवातीच्या छपाईवर काही गाण्यांच्या प्रकाशकाचं नाव डिक जेम्स असं आहे, नंतरच्यांवर नॉर्दर्न साँग्ज. मोनो प्रती पुष्कळ निघाल्या, स्टिरिओ फार थोड्या. अल्बम एकच, गाणी तीच, पण लेबलाचा रंग, प्रकाशकाच्या नावाची एक ओळ आणि मोनो-स्टिरिओ एवढ्यावर किंमत कितीतरी पट बदलते.

ब्लू नोट कंपनीच्या जाझ तबकड्यांवर लोक याहून बारकाईने पाहतात. लेबलावरचा पत्ता आधी लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूचा, १९५७नंतर ४७ वेस्ट ६३ स्ट्रीटचा, आणि त्यानंतर नुसतं न्यूयॉर्क. रनआउटमध्ये ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांची 'आरव्हीजी' ही खूण असते. शेजारी कानाच्या पाळीसारखी दिसणारी एक वळणदार रेघ असते. ते खरं तर 'पी' अक्षर आहे, प्लास्टिलाइट या कारखान्याचं. १९६६मध्ये ब्लू नोट लिबर्टी कंपनीकडे गेली आणि छपाई दुसरीकडे हलली. म्हणून तो 'कान' असेल तर तबकडी त्याआधीची. एवढीशी रेघ, पण खरेदीदार हमखास विचारतो, "कान आहे का?" त्या भागाचा फोटो आधीच टाकलेला असेल तर निम्मा पत्रव्यवहार वाचतो.

दोन अक्षरांची दुसरी गोष्ट लेड झेपेलिन या रॉक बँडच्या १९६९च्या दुसऱ्या अल्बमची. रॉबर्ट लडविग यांनी कापलेल्या पहिल्या लॅकरमध्ये आवाज इतका जोरकस होता की स्वस्त प्लेअरवर सुई उडायची. कंपनीने ते मागे घेऊन मवाळ आवृत्ती काढली. मूळच्या प्रतींवर 'आरएल' कोरलेलं आहे, आणि आज लोक तेवढ्यासाठी भिंग घेऊन बसतात.

हे ज्ञान सगळ्यांनीच वाटून घेतलं असंही नाही. उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्दर्न सोलच्या (जुन्या अमेरिकन सोल गाण्यांच्या) नाचांमध्ये डीजे आपल्या दुर्मीळ सिंगलच्या, म्हणजे छोट्या तबकडीच्या, लेबलावर कागद चिकटवून खोटं नाव सांगत, म्हणजे दुसऱ्याला ती शोधता येऊ नये. याला ते 'कव्हर-अप' म्हणत. फ्रँक विल्सनची १९६५ची एक सिंगल अशीच सुरुवातीला एडी फॉस्टर या नावाखाली वाजवली गेली. मोटाउन कंपनीने ती बाजारात येण्याआधीच रद्द केली होती, जेमतेम काही प्रती वाचल्या. २००९मध्ये तिची एक प्रत २५,७४२ पाउंडांना गेली.

आता दर्जाबद्दल. टपालाच्या काळात विक्रेते टंकलिखित याद्या काढत. काही याद्यांत किंमत ठरलेली असे, काहींत शेवटची तारीख देऊन बोली मागवलेली असे. १९७४मध्ये अमेरिकेत गोल्डमाइन हे नियतकालिक सुरू झालं आणि त्याच्या पानांवर अशा याद्यांचा पूर लोटला. एकाची 'उत्तम' दुसऱ्याची 'बरी' असून चालणार नव्हतं. म्हणून मिंट (अगदी कोरी), निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी ('व्हेरी गुड'), गुड आणि पुअर ही उतरंड रुळली. तिच्यासोबत भावाचं गणितही आलं: निअर मिंटला जी किंमत, तिच्या साधारण निम्मी व्हीजी प्लसला, पाव व्हीजीला, आणि गुडला दहा ते पंधरा टक्के. ब्रिटनमध्ये १९८०पासून निघणाऱ्या रेकॉर्ड कलेक्टर मासिकाची उतरंड थोडी वेगळी आहे, तिच्यात 'एक्सलंट' असते. म्हणून वर्णनात कोणती मोजपट्टी वापरली ते लिहावं. आणि 'गुड' या शब्दाने कोणी भुलू नये. या बाजारात गुड म्हणजे वाजते, पण सरसर आणि कडकड सोसत ऐकावी लागते.

या मोजपट्टीची एक उणीव मला पदरच्या पैशांनी कळली. एक एलपी मागवली होती. वर्णनात व्हीजी प्लस, फोटोत आरशासारखी चकचकीत. लावली तर पहिली तीन गाणी सुरेख, आणि लेबलाजवळ येता येता गायिकेच्या प्रत्येक 'स'वर आवाज फाटू लागला. कोणीतरी ती झिजलेल्या सुईने वर्षानुवर्षं वाजवली होती. खाचेच्या भिंती आतून खरवडल्या गेल्या होत्या आणि ते डोळ्यांना दिसत नाही. आतल्या फेऱ्यांना एका फेऱ्यात कमी लांबी मिळते, तेवढ्यात तेच संगीत दाटलेलं असतं, म्हणून झीज तिथे आधी ऐकू येते. विक्रेता खोटं बोलला नव्हता. त्याने दिव्याखाली पाहून दर्जा दिला होता, वाजवून दिला नव्हता. तेव्हापासून मी स्वतः विकताना 'पाहून' की 'वाजवून' हे स्पष्ट लिहितो, आणि प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं ऐकल्याशिवाय दर्जा लिहीत नाही.

इंटरनेटच्या आधी किमतींची पुस्तकं निघत. ती एखाद्या तज्ज्ञाच्या अंदाजावर चालत आणि छापून येईपर्यंत जुनी होत. १९९५मध्ये ईबे हे ऑनलाइन लिलावाचं संकेतस्थळ सुरू झालं आणि दोन गोष्टी एकदम घडल्या. घराघरांतल्या माळ्यांवरच्या पेट्या उघडल्या, आणि ज्या तबकड्या एका गावात दुर्मीळ वाटत होत्या त्या जगभरात ढिगाने आहेत हे दिसलं. त्यांचे भाव पडले. ज्या खरोखरच दहा-वीस उरल्या होत्या, त्यांच्यासाठी आता सगळं जग बोली लावू लागलं, आणि त्यांचे भाव चढले.

२०००मध्ये अमेरिकेत केव्हिन लेवांडॉव्स्की यांनी डिस्कॉग्ज सुरू केलं, तेही आधी फक्त इलेक्ट्रॉनिक संगीताची सूची म्हणून. विक्रीची सोय मागून आली. त्याची खरी ताकद अशी की तिथे प्रत्येक छपाईला स्वतंत्र पान आहे, रनआउटच्या अक्षरांसह. आज अशी दीड कोटीहून जास्त पानं आहेत, बहुतेक हौशी लोकांनी भरलेली. त्याच पानावर ती छपाई आधी कमीत कमी, मध्यम आणि जास्तीत जास्त कितीला विकली गेली ते दिसतं. इथे मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत गल्लत करू नये. मागायला कोणी कितीही मागतो, ती प्रत सहा वर्षं तशीच पडून असते. विकली गेलेली किंमत पाहावी, आणि तीही कोणत्या दर्जाच्या प्रतीची ते तपासून. सगळ्यात वरचा आकडा बहुधा निअर मिंटचा असतो.

भाव वाढले तसे नकलाही वाढल्या. बीटल्सचा व्ही-जे कंपनीने १९६४मध्ये काढलेला अल्बम सगळ्यात जास्त नक्कल झालेल्यांपैकी आहे. त्याच्या कित्येक बनावट कव्हरवर 'स्टिरिओ' छापलेलं असतं आणि आतली तबकडी मोनो वाजते. खऱ्या प्रतीच्या रनआउटमध्ये यंत्राने उमटवलेल्या खुणा असतात, नकलांमध्ये त्या बहुधा नसतात. शंका आली की कव्हरवरच्या छपाईपेक्षा रनआउटवर जास्त भिस्त ठेवावी.

विक्रीनंतरचा शेवटचा टप्पा आहे पाठवणी, आणि त्याची रीतही टपालवाल्यांचीच. तबकडी कव्हरमध्ये ठेवून पाठवली, तर वाटेतल्या धक्क्यांनी तिची कड सुरीसारखी चालते आणि कव्हरची शिवण वरच्या बाजूने उसवते. निअर मिंट कव्हर वाटेतच व्हीजी होतं. म्हणून तबकडी आतल्या कागदी पाकिटासह बाहेर काढायची, कव्हरच्या मागे ठेवायची, दोन्ही बाजूंना तबकडीपेक्षा मोठे ताठ पुठ्ठे द्यायचे, कोपरे मोकळे राहतील अशी पेटी निवडायची. बंद करण्याआधी मी रनआउट पुन्हा एकदा दिव्याखाली धरतो आणि पानावर लिहिलेल्या अक्षरांशी ताडून पाहतो, खाडाखोड केलेल्या अक्षरासकट.