स्पार्कचं मिसिंग की पेट्रोलचं? ‘लीन’ दिसलं म्हणून पंप बदलू नका

गाडी जोरात हाणली, लांब चढावर ॲक्सिलरेटर दाबून धरला आणि इंजिन झटके खायला लागलं. स्कॅनर लावला, कोड आला पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलेंडरमध्ये मिसिंग, तिथे पेट्रोल नीट जळत नाही. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. मग कुणीतरी लाइव्ह डेटा उघडतो, ऑक्सिजन सेन्सर ‘लीन’ (हवा जास्त, पेट्रोल कमी) दाखवत असतो, फ्युएल ट्रिम (पेट्रोल आपोआप कमी-जास्त करण्याचं प्रमाण) अधिक १५ टक्क्यांवर गेलेला असतो, आणि निकाल लागतो: पेट्रोल कमी पडतंय. इंजेक्टर साफ होतात, फिल्टर बदलतो, शेवटी पंपही बदलतो. पुढच्या चढावर गाडी पुन्हा तशीच अडखळते, कारण बिघाड प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणाऱ्या कॉइलमध्ये होता आणि कॉइलला कुणी हातच लावला नव्हता.

हा गोंधळ का होतो ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल मोजता येत नाही, तो फक्त ऑक्सिजन बघतो. स्पार्क पडला नाही की त्या सिलेंडरमधलं पेट्रोल जळत नाही, पण हवासुद्धा वापरली जात नाही. ती अख्खी हवा, तिच्यातल्या सगळ्या ऑक्सिजनसकट, सायलेन्सरच्या वाटेने निघते आणि वाटेत सेन्सरला भेटते. सोबत न जळलेलं पेट्रोलही असतं, पण सेन्सरच्या हिशेबात ते येत नाही. त्याला एवढंच दिसतं की ऑक्सिजन जास्त आहे, म्हणजे मिश्रण लीन आहे. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवतो आणि ट्रिम वर चढतो. प्रत्यक्षात बाकीचे तीन सिलेंडर आता गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पीत असतात. म्हणजे स्कॅनरवर लीन, इंजिनमध्ये रिच (पेट्रोल जास्त).

म्हणून प्रश्न ‘लीन आहे का?’ हा नाही. आधी लीन झालं की आधी मिसिंग झालं, हा आहे.

हे बघायचं कसं? स्कॅनरवर तीनच गोष्टी निवडा: सेन्सरचा व्होल्टेज, सिलेंडरनिहाय मिसफायर काउंट (मिसिंग किती वेळा झालं) आणि गाडीत सेन्सर असेल तर रेलचं, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीचं, प्रेशर. वीस गोष्टी एकदम उघडल्या तर स्कॅनर इतका सावकाश वाचतो की आधी काय आणि नंतर काय हेच कळत नाही. गाडी गरम करा, मोकळा रस्ता बघा, शेजारी बसलेल्याला स्कॅनर धरायला द्या आणि पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. जुन्या पद्धतीचा साधा सेन्सर अशा वेळी ०.८ ते ०.९ व्होल्टवर टिकायला हवा, कारण ईसीयू मुद्दाम रिच मिश्रण देत असतो. तो तिथे टिकून आहे, अचानक एका सिलेंडरचा काउंट वाढला आणि त्यानंतर व्होल्टेज कोसळला, तर संशय स्पार्कवर घ्या. याउलट काउंट अजून शून्यावर असताना व्होल्टेज ०.२ च्या खाली घसरला, प्रेशरही पडलं आणि मग दोन-तीन सिलेंडर मिळून चुकायला लागले, तर पेट्रोल खरोखर कमी पडतंय. तेव्हा खुशाल पंपाकडे वळा.

गाडी चालवतानाही फरक जाणवतो. स्पार्कला सगळ्यात जास्त त्रास सिलेंडरमधलं प्रेशर वाढल्यावर होतो, म्हणजे वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर. दाबाखालच्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतो आणि कमकुवत कॉइल तिथेच हात टेकते. झटके तुटक, कडक असतात. पेट्रोलची ओढ मात्र आरपीएम वाढेल तशी वाढते, त्यामुळे तिथे गाडी झटके खाण्याआधी मऊ पडते, वर ओढतच नाही.

कॉइल थंड असताना मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजून ‘ओके’ म्हणणं मला अजिबात मान्य नाही. गरम झाल्यावर आणि लोड आल्यावर फुटणारं इन्सुलेशन टेबलावर कसं सापडेल? त्यापेक्षा दोनची कॉइल तीनवर लावा आणि गाडी पुन्हा तशीच ताणा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. एका वेळी एकच गोष्ट हलवा. कॉइल आणि प्लग दोन्ही एकदम बदलले तर उत्तर हातातून जातं. प्लग काढलात तर पांढऱ्या पोर्सिलेनवर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ दिसते का बघा. ती कार्बनची वाट असते, ठिणगी तिथून बाहेर पळते. अशी रेघ दिसली तर प्लगबरोबर त्यावर बसणारा रबरी बूटही बदला, नाहीतर नवा प्लगही तसाच खराब होईल. प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, हे नक्की. कोरडा असेल तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. काही गाड्यांत ईसीयू चुकणाऱ्या सिलेंडरचा इंजेक्टर स्वतःच बंद करतो.

एक अपवाद आहे. एकच इंजेक्टर चोंदला असेल तर काउंटही एकाच सिलेंडरचा वाढतो आणि सेन्सर लीनच दाखवतो. म्हणून क्रम हाच ठेवा: आधी कॉइल हलवा, मग प्लग, मग इंजेक्टर. टाकीत क्लीनरची बाटली ओतणं म्हणजे तपासणी नव्हे.

बाकी किरकोळ. टाकी जवळजवळ रिकामी असताना वळणावर जोरात गेल्यावर गाडी अडखळली, तर पंपाने हवा ओढली असेल. आधी पेट्रोल भरा. चेक इंजिनचा दिवा स्थिर नसून लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर तिथेच सोडा, कारण न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून त्याचा आतला गाभा वितळवू शकतं. आणि कॉइल, प्लग, इंजेक्टर तिन्ही हलवूनही कोड दोनवरच राहिला, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये दाब नीट तयार होतो का, ते तपासा. गाडी ताणताना व्हॉल्व्ह जळलेला असू शकतो.