चालू व्हीएममध्ये बदल करताना: हॉटप्लग आणि लाइव्ह मायग्रेशन

होस्टची, म्हणजे तुमचे व्हीएम (आभासी मशीन) ज्यावर चालते त्या प्रत्यक्ष सर्व्हरची, देखभाल करायची असली की आम्ही तुम्हाला कळवतो: तुमचे व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवत आहोत, ते बंद पडणार नाही, मात्र तेवढा वेळ कॉन्फिगरेशनला हात लावू नका. ही शेवटची विनंती आम्ही का करतो, हे समजावे म्हणून हे पत्रक. चालू व्हीएमला उपकरण जोडणे-काढणे म्हणजे हॉटप्लग, आणि चालू व्हीएम बंद न करता दुसऱ्या होस्टवर हलवणे म्हणजे लाइव्ह मायग्रेशन.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण बहुतेक घोळ तिच्यापाशीच होतात. आमच्या होस्टवर केव्हीएम आणि क्यूईएमयू (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारी सॉफ्टवेअर) आणि लिब्व्हर्ट (त्यांचा कारभार पाहणारे सॉफ्टवेअर) चालते. लिब्व्हर्ट प्रत्येक व्हीएमच्या दोन नोंदी सांभाळते. एक चालू नोंद: या क्षणी व्हीएमला कोणत्या डिस्क, किती मेमरी, कोणते नेटवर्क कार्ड लागले आहे. दुसरी कायमची नोंद: पुढच्या वेळी व्हीएम सुरू होईल ते कशावरून. चालू व्हीएमला डिस्क जोडताना बदल कोणत्या नोंदीत हवा, ते सांगावे लागते. फक्त चालू नोंदीत केला तर व्हीएम बंद होताच तो जातो, आणि फक्त कायमच्या नोंदीत केला तर आत्ता काहीच दिसत नाही.

एका ग्राहकाच्या डेटाबेससाठी अशीच एक डिस्क जोडली गेली होती, फक्त चालू नोंदीत. गेस्टमध्ये (व्हीएमच्या आत चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये) डिस्क दिसली, फॉरमॅट झाली, एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) तिची ओळही पडली. काही महिने सगळे सुरळीत चालले. मग एकदा व्हीएम पूर्ण बंद करून सुरू केले. डिस्क नव्हती, ओळ मात्र होती. गेस्ट दीड मिनिट डिस्कची वाट बघत राहिले आणि इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरत्या स्थितीत) जाऊन थांबले. डेटा स्टोरेजवर सुखरूप होता, हरवली होती ती फक्त नोंद. पण डेटाबेस उघडत नाही म्हटल्यावर त्या माणसाच्या पोटात जो गोळा आला, तो आम्ही विसरलेलो नाही. तेव्हापासून प्रत्येक बदल आम्ही दोन्ही नोंदींत करतो आणि नंतर दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहतो. ताडताना पीसीआय पत्तेही (व्हीएममध्ये कोणते उपकरण कोणत्या जागी लागले आहे ते) बघतो. लिनक्स गेस्टमध्ये नेटवर्क कार्डाचे नाव बहुधा या पत्त्यावरून ठरते. दोन नोंदींत पत्ते वेगळे असले, तर पुढच्या वेळी कार्ड नव्या नावाने उगवते आणि आयपी लागत नाही.

आणखी एक: गेस्टच्या आतून रीबूट केले तरी होस्टवरची क्यूईएमयूची प्रोसेस तीच राहते. त्यामुळे कायमच्या नोंदीतला बदल लागू होत नाही. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे लागते.

आता मायग्रेशन. तुमचे व्हीएम इकडे काम करत असतानाच त्याची मेमरी तिकडे कॉपी होत असते. कॉपी झाल्यावर जी पाने (मेमरीचे छोटे तुकडे) बदलली, ती पुन्हा पाठवली जातात, अशा फेऱ्या होत राहतात. उरलेला भाग अगदी थोड्या वेळात जाईल असे दिसले (क्यूईएमयूची मूळ मर्यादा 300 मिलिसेकंद आहे) की व्हीएम क्षणभर थांबते, उरलेली मेमरी आणि उपकरणांची स्थिती पलीकडे जाते आणि व्हीएम तिथे पुढे चालू लागते. त्यासाठी पलीकडे आधीपासून एक जुळे उभे असावे लागते: तोच मशीन टाइप (क्यूईएमयू दाखवते त्या आभासी मदरबोर्डचा प्रकार), तेवढीच मेमरी, तीच उपकरणे, त्याच पत्त्यांवर. मध्येच तुम्ही इकडे एक डिस्क वाढवली तर जुळे जुळे राहत नाही. म्हणून क्यूईएमयू मायग्रेशन चालू असताना उपकरण जोडायला किंवा काढायला सरळ नकार देते. अशा वेळी तुम्हाला एरर दिसली तर घाबरू नका आणि तोच आदेश पुन्हा पुन्हा देऊ नका. आमचा 'झाले' असा निरोप येईपर्यंत थांबा. या पद्धतीत मायग्रेशन अर्ध्यात फसले तरी व्हीएम जुन्या होस्टवर चालूच राहते.

पोस्टकॉपी नावाची दुसरी पद्धत आहे. तीत व्हीएम आधी पलीकडे सुरू होते आणि राहिलेली मेमरी मागून येते. खूप वेगाने मेमरी बदलणाऱ्या व्हीएमला ती उपयोगी पडते, पण मध्ये नेटवर्क तुटले तर पूर्ण मेमरी कोणत्याच एका बाजूला नसते आणि व्हीएम हातचे जाऊ शकते. तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही ती वापरत नाही.

डिस्क किंवा कार्ड काढायचे असेल तर ते मायग्रेशनच्या बरेच आधी कळवा. उपकरण काढण्याचा आदेश ही खरे तर गेस्टला केलेली विनंती असते, गेस्टने सोडल्यावरच ते निघते. डिस्क आधी अनमाउंट करा, मग आम्हाला सांगा. होस्टचे एखादे प्रत्यक्ष उपकरण थेट जोडलेले असेल, तर ते बहुधा आधी काढावेच लागते. सीडी ड्राइव्हमध्ये आयएसओ (सीडीची प्रतिमा-फाइल) राहिली असेल तर तीही काढून टाका, कारण ती फाइल नव्या होस्टवर नसेल तर मायग्रेशन अडते.

पुढे वाढ होणार असेल तर व्हीएम घेतानाच सांगा. व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आणि मेमरीची कमाल मर्यादा व्हीएम सुरू होताना ठरते, चालू असताना तिच्यापलीकडे जाता येत नाही. क्यू35 या मशीन टाइपमध्ये नव्या कार्डासाठी रिकामा रूट पोर्ट (कार्ड लावायची आभासी जागा) लागतो आणि तोही आधीच ठेवावा लागतो. मेमरी वाढवणे सोपे आहे, काढून घेणे अवघड, कारण गेस्टच्या कर्नलने ती वापरायला घेतलेली असते.

मायग्रेशन झाल्यावर जुन्या होस्टवरची नोंद आम्ही पुसतो. ती राहिली आणि कोणी चुकून तिथूनही व्हीएम सुरू केले, तर एकाच डिस्कवर दोघे लिहू लागतात आणि फाइल सिस्टीमची वाट लागते. तुम्ही फक्त गेस्टमध्ये डिस्कची यादी, नेटवर्क आणि घड्याळ बघा. काही वेगळे दिसले तर व्हीएम बंद करण्याआधी आम्हाला फोन करा. चालू नोंद तोवरच हाताशी असते.