गावातली कर्करोग तपासणी: फॉर्म भरून नेला म्हणजे तपासणी झाली नाही

"आमची तपासणी झालीय, आशाताई घरी येऊन सगळं लिहून घेऊन गेल्या." उपकेंद्रात हे सारखं ऐकू येतं. आशाताईंनी नेला तो सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराचा धोका किती ते जोखणारी प्रश्नावली. त्यात वय, व्यसन, कंबरेचा घेर, घरातले आजार असे प्रश्न असतात, उत्तरांना गुण देतात आणि त्यांची बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी बोलावतात. तोंड, स्तन किंवा गर्भाशयाचं मुख तोवर कुणी पाहिलेलंच नसतं.

फॉर्ममध्ये हमखास चुकणारा प्रश्न तंबाखूचा. "तंबाखू खाता का?" विचारलं की बाई ठामपणे नाही म्हणते, आणि मागे कोनाड्यात मिश्रीची डबी असते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर आशाताईंना बाजूला घेऊन सांगा, पण खरं सांगा.

तपासणी कुणाची? वयाची 30 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाची. पुरुषांचं तोंड तपासतात, बायकांचं तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख. गुण कमी आले तरी हा हक्क जात नाही. पैसे लागत नाहीत, उत्पन्नाचा दाखलाही नाही. आधार कार्ड नोंदणीसाठी न्यावं. मोबाईलला जोडलेलं नसेल तर ओटीपी येत नाही, आभा क्रमांक (आरोग्याच्या नोंदींसाठीचा डिजिटल क्रमांक) निघत नाही आणि "पुढच्या आठवड्यात या" ऐकावं लागतं. आभा ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून तपासणी थांबवायचं कारण नाही. कागदावर नोंद करून तपासा, असं स्पष्ट म्हणा.

गर्भाशयमुखाची तपासणी पाळी चालू असताना होत नाही, गरोदरपणातही पुढे ढकलतात. त्यामुळे शिबिराची तारीख पाळीत आली तर दुसरा दिवस मागून घ्या, शिबिर संपलं म्हणून सोडून देऊ नका. पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उठतो का पाहतात. नवऱ्याची सही लागत नाही, संमती बाईची स्वतःची.

डाग उठला म्हणजे कर्करोग झाला, असं नाही. तो पुढच्या तपासणीचा इशारा आहे. निदान तुकडा तपासल्यावरच होतं. मात्र मोठ्या दवाखान्यात पाठवण्याची संदर्भचिठ्ठी घेतल्याशिवाय केंद्रातून निघू नका आणि तिचा फोटो काढून ठेवा. चिठ्ठी हरवली की मोठ्या दवाखान्यात पहिल्या रांगेपासून सुरुवात.

तपासणी "पाच वर्षांनी एकदा" असं सांगतात, त्याचा अर्थही भलताच लावला जातो. ही मुदत काही त्रास नसलेल्यांसाठी आहे. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, स्तनात गाठ लागली, संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त गेलं, तर मुदत, वय, शिबिर काहीही न बघता डॉक्टरांकडे जायचं. अंगावर काढायचं नाही.

निदान झालंच तर खरी अडचण रेशनकार्डाची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पांढऱ्या कार्डासह सर्व रेशनकार्डधारक येतात, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. रेशनकार्ड नसलेल्यांनी अधिवास दाखला काढावा. पण लग्न होऊन वीस वर्षं झालेल्या बाईचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं, किंवा माहेरातून कमी केलं आणि सासरी चढवलंच नाही. जुन्या कार्डावर 12 अंकी ऑनलाइन क्रमांक नसतो. आधारवर 'सुनंदा' आणि कार्डावर 'सुनंदाबाई' एवढ्यावरूनही अडवतात. या दुरुस्त्या तहसीलच्या पुरवठा शाखेत होतात आणि तिथे किती चकरा पडतात ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. बाई आजारी असताना घरच्यांनी तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्यात, ही व्यवस्थेची क्रूर थट्टा आहे. तरी थट्टा सहन करून घरात कुणी आजारी नसतानाच कार्ड आज उघडून बघा: प्रत्येकाचं नाव आहे का, क्रमांक आहे का.

आणखी एक. योजनेत रुग्णालयाला पैसे सरकारकडून मिळतात, तुम्ही भरलेले पैसे नंतर परत मिळतील या भरवशावर राहू नका. म्हणून रुग्णालय अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील आहे का आणि त्यात कर्करोगाचा उपचार येतो का, हे आधी विचारा. तिथे आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याचा, कक्ष असतो. अनामत भरायच्या आधी रेशनकार्ड, फोटो ओळखपत्र आणि तपासणीचे रिपोर्ट घेऊन थेट त्यांच्यासमोर बसा.