लोकमताचा थर्मोस्टॅट आणि कांद्याचा भाव

निफाडच्या थंडीत गिझर लावला की त्यातला थर्मोस्टॅट दोनच गोष्टींची तुलना करतो: पाणी किती तापायला हवे आणि प्रत्यक्षात किती तापले आहे. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर व्लेझिएन यांनी १९९५ मध्ये लोकमतासाठी हीच उपमा वापरली. सरकारने एखाद्या बाबीवरील खर्च वाढवला की ‘आणखी खर्च करा’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण घटते, असे त्यांना जनमत चाचण्यांमध्ये आढळले. लोकांची मूळ अपेक्षा बदललेली नसते. ती आणि धोरण यांतील अंतर कमी झालेले असते. मात्र यासाठी धोरण लोकांच्या नजरेत भरावे लागते, आणि सरकारला त्यांच्या नाराजीची दखल घ्यावीशी वाटावी लागते.

कांद्याच्या बाबतीत पहिली अट आपोआप पुरी होते, कारण भाव रोज कळतो. अडचण वेगळीच आहे. येथे एकाच गिझरला दोन थर्मोस्टॅट जोडलेले आहेत: दिल्ली-मुंबईच्या ग्राहकाला भाव उतरलेला हवा असतो, तर लासलगावच्या लिलावात ट्रॅक्टर उभा करणाऱ्या शेतकऱ्याला चढलेला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने ४० टक्के निर्यात शुल्क लावले, तेव्हा नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. तरीही ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी आली. ती ४ मे २०२४ रोजी उठली, आणि २० मे रोजी नाशिक व दिंडोरीत लोकसभेचे मतदान झाले. दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या.

या तारखा शेजारी ठेवून ‘मतदानामुळेच बंदी उठली’ असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु उन्हाळ कांद्याची मोठी आवक त्याच सुमारास होत असल्याने निर्यात खुली करायला पुरवठ्याचेही कारण होते. सप्टेंबर २०२४ ची गोष्ट निराळी. कांदा साठवण्याच्या चाळींतला साठा उतरणीला लागलेला असताना शुल्क २० टक्क्यांवर आले, किमान निर्यात मूल्याची, म्हणजे ठरावीक किमतीखाली निर्यात न करण्याची, अट गेली, आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेचे मतदान होते. त्या निर्णयात शेतकऱ्यांच्या रोषाचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते. उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ रोजी रद्द झाले. तोवर आदल्या उन्हाळ्यात चाळीत भरलेला कांदा केव्हाच विकला गेला होता.