पावसाने कुजणारी राष्ट्राध्यक्षांची नौका

जुनी लाकडी बोट वाचवायची असेल तर तिला समुद्रातून काढून जमिनीवर ठेवावी, असं बहुतेकांना वाटतं. खारं पाणी लाकूड खातं, एकदा बोट कोरड्यात आली की काळजी मिटली, असा हा समज. एकेकाळी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची असलेली ‘सिक्वोया’ ही यॉट, म्हणजे सहलीची नौका, मात्र जमिनीवर उभी असतानाच कुजत गेली. तिच्या मालकीचा वाद डेलावेअर राज्याच्या न्यायालयात होता. 2016 च्या निकालपत्रात न्यायाधीशांनी तिची अवस्था लिहून ठेवली: चेसापीक उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओस पडलेल्या एका बोटयार्डात, अपुऱ्या आधारावर ती बसली आहे, खराब होत चालली आहे आणि अलीकडे तिच्यात रॅकून हे रानटी प्राणी राहायला आले आहेत. न्यायालयाने मालकी दिली ती भारतीय गुंतवणूकदारांचं पाठबळ असलेल्या कंपनीला. 2019 मध्ये नौका बार्जवर, म्हणजे मालवाहू तराफ्यावर, चढवून मेन राज्यातल्या बेलफास्ट गावी दुरुस्तीसाठी नेली गेली.

तिचा इतिहास मोठा आहे, इथे थोडक्यात सांगतो. न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमध्ये 1925 साली ती बांधली गेली. आराखडा जॉन ट्रम्पी यांचा, लांबी 104 फूट, ओकच्या फासळ्या आणि त्यांवर पिवळ्या पाइनच्या फळ्या. 1931 मध्ये सरकारने ती विकत घेतली. तेव्हा दारूबंदी होती आणि चोरटी दारू पकडायला नौका हव्या होत्या. मग राष्ट्राध्यक्ष हूवर तिच्यावर मासेमारीला जाऊ लागले. रूझवेल्ट यांना पोलिओमुळे जिना चढता येत नसे, म्हणून लिफ्ट बसवली गेली. पुढे जॉन्सन यांनी ती काढून तिथे बार केला. केनेडींचा 1963 चा, म्हणजे अखेरचा, वाढदिवस हिच्यावर झाला. 1974 मध्ये राजीनाम्याच्या काही दिवस आधी निक्सन कुटुंबासह हिच्यावरच होते. 1977 मध्ये कार्टर यांनी काटकसर म्हणून ती 2,86,000 डॉलरना विकून टाकली.

आता लाकडाकडे वळू, कारण या नौकेचं खरं दुखणं तिथे आहे.

लाकडातलं पाणी दोन ठिकाणी असतं. काही पेशींच्या भिंतींमध्ये मुरलेलं, काही पेशींच्या पोकळीत मोकळं. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण 28 ते 30 टक्के पाणी झालं की भिंती तृप्त होतात आणि त्यापुढचं पाणी पोकळीत साठतं. लाकूड फुगतं किंवा आटतं ते या मर्यादेच्या खालीच. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं, ते याच कारणाने. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत बरंच हलतं. बोट पाण्यात असते तेव्हा फळ्या फुगतात, एकमेकींना रेटतात आणि सांध्यांत ठासलेला कापूस घट्ट आवळून धरतात. ती महिनोन्‌महिने जमिनीवर ठेवली की फळ्या आटतात, सांधे उघडतात आणि त्या फटींतून पावसाचं पाणी आत जातं.

पाऊस म्हणजे गोडं पाणी. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा हवा आणि हवाही हवी. पाण्याखालच्या पूर्ण भिजलेल्या लाकडात तिला प्राणवायू मिळत नाही, आणि मीठ तिला सोसत नाही. (समुद्राखाली लाकूड पोखरणारे शिंपवर्गीय प्राणी असतात, पण त्यांना तांब्याचा पत्रा किंवा विषारी रंग अडवतो.) डेकखालचा कोपरा, खिडकीची चौकट, फासळीचं वरचं टोक अशा जागी मात्र पावसाचं पाणी मुरतं आणि वारा लागत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन जहाजबांधणीकार फासळ्यांच्या मधल्या जागेत मीठ भरत. त्यांना बुरशीचं शास्त्र ठाऊक नव्हतं, तरी त्यांची युक्ती अचूक होती.

लाकूड तपकिरी करून त्याचे चौकोनी तुकडे पाडणाऱ्या बुरशीचं काम मला विलक्षण वाटतं. लाकडाच्या पेशीभित्तीचा मुख्य घटक असलेलं सेल्युलोज तोडायला विकरं म्हणजे एन्झाइम लागतात, पण त्यांचे रेणू इतके मोठे असतात की धडधाकट पेशीभित्तीच्या छिद्रांत ते शिरतच नाहीत. म्हणून बुरशी आधी लहान रेणू पाठवते. ती ऑक्झॅलिक आम्ल सोडते, ते लाकडातलं फेरिक लोह पकडून भिंतीच्या आत नेतं. तिथे बुरशीचेच दुसरे रेणू त्या लोहाला एक इलेक्ट्रॉन देऊन फेरस करतात. फेरस लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे अतिशय क्रियाशील असा रेणूचा तुकडा, तयार होतो. ही अभिक्रिया फेंटन यांनी 1894 मध्ये वर्णन केली. हा मूलक समोर येईल तो रेणू फोडतो, पण काही नॅनोसेकंदांतच संपतो. त्यामुळे तो भिंतीच्या आतच जन्मावा लागतो आणि बुरशीच्या तंतूपासून दूर, नाहीतर तीच मरेल. आम्लतेतला फरक हे अंतर राखतो: तंतूजवळ आम्लता जास्त, तिथे ऑक्झॅलेट लोहाला घट्ट धरून ठेवतं, खोल भिंतीत ती कमी, तिथे लोह सुटतं. सेल्युलोजच्या लांब साखळ्या सुरुवातीलाच तुटतात, म्हणून वजन जेमतेम 10 टक्के घटेपर्यंत लाकडाची ताकद निम्म्याहून अधिक गेलेली असू शकते. वरून रंग चकचकीत आणि आत टोचा सहज रुततो, ते यामुळे.

लोखंडी खिळ्यांभोवतीचं लाकूडही खराब होतं, गंजामुळे आणि त्यातून होणाऱ्या रासायनिक क्रियांमुळे. भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात समुद्रगामी नौकेच्या तळाला लोखंड वापरू नये असा सल्ला आहे. कारण दिलंय की समुद्रातले चुंबकीय खडक नौका ओढून घेतील. या सल्ल्याला ‘प्राचीन विज्ञान’ म्हणून मिरवणं चूक आहे. जहाज ओढणारे असे खडक नाहीत, आणि कारण खोटं असेल तर सल्ला उपयोगी ठरला तरी ते विज्ञान होत नाही.

दुरुस्ती म्हणजे रंगरंगोटी नव्हे. हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, टोचा मारून पाहायचं, कुजलेलं काढायचं. पण सगळ्या फासळ्या एकदम काढल्या तर नौकेचा आकारच हरवतो. शिवाय वर्षानुवर्षं चुकीच्या टेकूंवर बसलेली नौका वाकलेली असू शकते. म्हणून आधी तिला आधार देऊन मूळ रेषेत आणायचं, मग टप्प्याटप्प्याने फासळ्या आणि फळ्या बदलायच्या.

लाकूड नीट जपलं तर किती टिकतं याचा दाखला आपल्या मुंबईने दिला आहे. 1817 साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. म्हणूनच माझं आग्रहाचं मत आहे की दुरुस्त ‘सिक्वोया’ शोभेसाठी उघड्या चौथऱ्यावर मांडू नये. तिला खाऱ्या पाण्यात ठेवावं, वर छप्पर द्यावं आणि डेकखाली वारा खेळता राहील अशी सोय करावी.